तालमीतली शिस्त आणि आपले घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलावे असा निरोप चिटणीसबाईंनी पाठविला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मंडळात मी पापड लाटायला आणि सतरंज्या घालायला पुढे असते, बोलायला नसते. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही सासूबाईंचे जे केलेत ते तुम्हांला कसे जमले, एवढेच सांगा." मी घरी जाऊन विचार करू लागले, तेव्हा ध्यानात आले की जे काही जमले त्याचे मूळ माझ्या माहेरच्या भिंतीपलीकडच्या तालमीत आहे. म्हणून आज मी तालमीबद्दल बोलणार आहे. हळदीकुंकवाच्या जागी कुस्तीचे काय काम, असे काही जणींच्या मनात येईल. हसायचे तर जरूर हसा, पण शेवटपर्यंत ऐकून घ्या.

माझे माहेर कोल्हापूरचे. कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला मोठा आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान बांधून घेतले, हे तुम्ही ऐकलेच असेल. आमची तालीम तशी लहानशी होती. तिची आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. पहाटे चार-साडेचारला पलीकडे हालचाल सुरू व्हायची. आधी फावड्याने हौद्यातली माती उकरल्याचा आवाज, मग जोर-बैठकांची मोजणी, आणि मग अंग मातीवर पडल्याचे धप्प धप्प. आमच्या आईला घड्याळ लागत नसे. बैठका सुरू झाल्या की ती चूल पेटवायची.

मुलींनी तालमीत पाऊल टाकायचे नाही, असा त्या वेळी दंडक होता. मी उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसून पाहत असे. आज दिवस पालटले आहेत. २००४ सालापासून ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या कुस्त्या होतात, साक्षी मलिक हिने २०१६ साली रिओला पदक मिळविले आणि आपल्याच सांगलीत २०२३ साली मुलींसाठी पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. ती प्रतीक्षा बागडी हिने जिंकली तेव्हा मला माझी ती पायरी आठवली. माझ्या वाट्याला हौदा आला नाही. पण पायरीवर बसून जे डोळ्यांत साठले, ते पुढे उपयोगी पडले.

माझे वडील, म्हणजे आबा, गुळाच्या पेढीवर कामाला होते. तीस वर्षे ते त्या तालमीत गेले. त्यांना मोठी कुस्ती कधी मारता आली नाही. जत्रेतल्या नारळाच्या कुस्त्या आणि फार तर एखादा फेटा, एवढीच त्यांची कमाई. लहानपणी मला याचे वाईट वाटे. एकदा मी विचारलेही, "आबा, तुम्ही जिंकत तर नाही, मग रोज जाता कशाला?" ते म्हणाले, "पोरी, कुस्ती वर्षातनं चार वेळा. मेहनत रोज. मी मेहनतीला जातोय." तेव्हा हे माझ्या डोक्यात शिरले नाही.

तालमीत जाऊन नवा मुलगा पहिल्या दिवशी डाव शिकत नाही. तो आत येताना मातीला हात लावून कपाळाला लावतो, मारुतीला नमस्कार करतो आणि फावडे हाती घेतो. माती उकरून भुसभुशीत करणे हे त्याचे पहिले काम. त्या मातीत हळद, लिंबू, ताक, तेल घालून ती मऊ ठेवलेली असते, कारण तिच्यावर पडायचे असते. मग जोर आणि बैठका. वस्ताद पहिल्या दिवशी शंभर सांगत नाहीत. दहा सांगतात, वीस सांगतात. आणि त्या काढल्या की थांब म्हणतात. पोरगा हौसेने जास्त काढू लागला तर त्याला ओरडतात. कारण ज्याने पहिल्याच दिवशी शंभर काढल्या, तो दुसऱ्या दिवशी अंग धरले म्हणून घरी झोपून राहतो. वस्तादांना त्याचे आजचे शंभर नको असतात, उद्याचे येणे हवे असते.

दुसरी गोष्ट पडण्याची. समोरच्याला पाडण्याआधी स्वतः पडायला शिकावे लागते. माझी मुलगी शाळेत ज्यूदो शिकली. पहिले कित्येक दिवस ती घरी येऊन तक्रार करी की आम्हांला नुसते पडायलाच लावतात. तिनेच मला सांगितले की ज्यूदो हा प्रकार जिगोरो कानो नावाच्या एका जपानी शिक्षकाने १८८२ साली टोकियोत सुरू केला, आणि आपली शक्ती वाया न घालविता नेमकी वापरावी, हे त्याचे मुख्य सूत्र आहे. मी तिला म्हटले, "बाई, तुझ्या आजोबांच्या तालमीतही हेच." जो पडायला भितो त्याचे सगळे लक्ष आपल्या भीतीकडे असते, डावाकडे राहतच नाही. पडून उठण्याची सवय झाली म्हणजे लक्ष मोकळे होते.

आणि तिसरी गोष्ट नजरेची. कुस्ती लागली की पहिल्यांदा दोघे पैलवान एकमेकांच्या मानेला, मनगटाला हात घालून नुसते झुलत असतात. तिला खडाखडी म्हणतात. नवख्या माणसाला वाटते, हे नुसते ढकलाढकली करताहेत. पण खरे लक्ष त्याच वेळी लागलेले असते. आबा सांगत, त्या वेळी माणसांच्या आरोळ्या ऐकू येता कामा नयेत, हलगी ऐकू येता कामा नये. नजर समोरच्याच्या कमरेवर आणि पायांवर. ज्याची नजर माणसांकडे गेली त्याची पाठ मातीला लागली म्हणून समजावे.

आता खाशाबा जाधवांचे उदाहरण सांगते. ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. जन्मभर मातीत खेळलेला हा गडी तिथे गादीवर उभा राहिला आणि सहावा आला. दुसरा कोणी म्हणाला असता, साता समुद्रांपलीकडे जाऊन सहावा आलो, पुष्कळ झाले. खाशाबा परत आले आणि पुढची चार वर्षे मेहनतीला लागले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले. खाशाबांनी तिथे ब्रॉन्झपदक मिळविले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. आपण पदकाची गोष्ट सांगतो. आबा मात्र मला नेहमी मधल्या चार वर्षांची गोष्ट सांगत. त्या चार वर्षांतल्या पहाटे कोणी टाळ्या वाजवायला नव्हते.

आता माझ्या घरची हकीकत.

२०१९ सालच्या ऑगस्टात आपल्याकडे महापूर आला, तो तुम्ही सगळ्यांनीच सोसला आहे. तो ओसरून घरे जरा मार्गी लागली, आणि त्याच दिवाळीच्या सुमारास माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणेही अडखळू लागले. ज्या बाईने चाळीस वर्षे घर उचलून धरले, तिला पाण्याचा पेला उचलता येईना. डॉक्टरांनी सांगितले की मेंदूचा जो भाग गेला तो गेला, पण राहिलेल्या भागाला हळूहळू शिकविता येते. त्यासाठी तीच ती हालचाल रोज पुन्हा पुन्हा करावी लागेल. आठवड्यातून दोनदा व्यायाम करवून घेणाऱ्या एक बाई येऊ लागल्या. त्या फार चांगल्या होत्या आणि सासूबाईंचा त्यांच्यावर विश्वास बसला होता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि त्यांचे येणे थांबले. सगळे माझ्यावर आले. त्यांनी फोनवरून एकेक हालचाल समजावून दिली: बोटे उघडायची, मनगट फिरवायचे, कोपर वर न्यायचे, प्रत्येकी वीस वेळा, दिवसातून दोनदा. मी कागदावर लिहून घेतले आणि भिंतीला चिकटविले. पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने सगळे केले. दुसऱ्या दिवशी निम्मे झाले. तिसऱ्या दिवशी मुले घरात, हे घरात, चहा तीनदा, जेवणाच्या वेळा सगळ्यांच्या निराळ्या, राहूनच गेले. चौथ्या दिवशीही राहिले. तो कागद भिंतीवरून माझ्याकडे बघत असे आणि मी त्याच्याकडे बघायचे टाळत असे.

आठवडाभराने आबांचा फोन आला. मी रडकुंडीला येऊन सगळे सांगितले. त्यांनी विचारले, "किती काढायला सांगितल्यात?" मी म्हटले, "वीस." ते म्हणाले, "मग उद्या पाच काढ. पण उद्या काढ. आणि वेळ ठरव. जेव्हा सवड मिळंल तेव्हा म्हणशील तर सवड कधी मिळायची नाही." मी त्या व्यायामाच्या बाईंना विचारून घेतले. त्याही म्हणाल्या, थोडे करा पण रोज करा, आणि त्यांच्या अंगी येईल तसे वाढवा.

म्हणून आम्ही सकाळी सव्वासहा आणि संध्याकाळी सव्वासहा, अशा दोन वेळा धरल्या. सव्वासहाला मी हात धुऊन सासूबाईंच्या खाटेशी बसे. त्या वेळी गॅसवर काही ठेवायचे नाही आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत, असा नियम केला. पाच वेळा बोटे, पाच वेळा मनगट, पाच वेळा कोपर. मुलगी मोजत असे. वीस दिवसांत आम्ही दहावर गेलो.

इथे मी माझी एक चूकही सांगणार आहे. ती झाकून ठेवली तर ह्या भाषणाला अर्थ नाही.

एके दिवशी सकाळी माझे डोके ठणकत होते. मोबाईल दुसऱ्या खोलीत न ठेवता मी पदरालाच बांधल्यासारखा जवळ ठेवला होता, आणि गॅसवर दूध ठेवून बसले होते. म्हणजे दोन्ही नियम मीच मोडले होते. फोन वाजला, दूध उतू गेले आणि सासूबाईंची बोटे काही केल्या उघडेनात. मी त्यांचा हात हिसका देऊन ओढला आणि म्हणाले, "तुम्हांला बरे व्हायचेच नाही." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरविले. त्यानंतर आठ दिवस त्यांनी मला हाताला हात लावू दिला नाही. मूठ मिटून पदराखाली घेत. दोन महिन्यांची मेहनत मी एका सकाळी घालवून बसले.

आबांना फोन केला तेव्हा ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रागानं धरलेला पट मोकळा जातोय. राग आला की पैलवानाची नजर सुटली. आणि हे बघ, तू सलामी घेतलीस का?" मला काही समजेना. ते म्हणाले, "कुस्तीच्या आधी पैलवान एकमेकाला माती देतात, हातात हात देतात. तू तयार, मी तयार. त्याशिवाय अंगाला हात लावायचा नसतो. तू त्यांच्या हाताला न विचारता हात घालतीयास."

भगिनींनो, हे ऐकून मला फार लाज वाटली. मी सासूबाईंचा हात हे माझ्यावर पडलेले एक काम समजत होते. हात त्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी खाटेशी बसले, त्यांना नमस्कार केला, आणि म्हटले, "आई, माझे चुकले. सुरू करू का?" त्यांनी मान हलविली नाही. मी उठून गेले. संध्याकाळी पुन्हा विचारले. असे चार दिवस केले. पाचव्या दिवशी त्यांनी पदराखालून हात काढून माझ्या मांडीवर ठेवला. त्या दिवसापासून आजतागायत मी विचारल्याशिवाय सुरू करीत नाही. पुन्हा पाचापासून सुरुवात केली.

पावसाळा संपता संपता त्यांना फुलपात्र धरता येऊ लागले. निम्मे पाणी सांडायचे, पण धरता येई. २०२१ च्या संक्रांतीला त्यांनी आपल्या हाताने तिळाचा लाडू माझ्या तळहातावर ठेवला. सगळे बरे झाले असे मी म्हणणार नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट अजून वाकडे आहे, आणि वेणी त्यांना घालता येत नाही. ती मी घालते. पण त्या आपल्या हाताने जेवतात.

ह्या सगळ्यातून मला जे उमगले ते सांगते. आपण म्हणतो, अमकीचा स्वभावच चिकाटीचा, माझा नाही. मीही असेच म्हणत आले. माझी अर्धवट विणलेली तीन स्वेटरे पेटीत पडून आहेत. पण तालमीतल्या पोरांचा स्वभाव काही निराळा नसतो. त्यांना ठरलेली वेळ असते, झेपेल एवढी मोजणी असते, आणि मातीला हात लावण्याचा तो एक क्षण असतो, की जिथे बाहेरचे बाहेर राहते. मन आपोआप एकाग्र होत नाही. त्याला उंबरा लागतो. माझा उंबरा म्हणजे हात धुणे आणि "सुरू करू का?" असे विचारणे. तेवढे केले की माझे मन त्या खोलीत येते.

दोन गोष्टींचा इशाराही देते. शिस्त म्हणजे स्वतःला शिक्षा नव्हे. तालमीत मेहनतीइतकाच खुराक आणि झोप पाहिली जाते. आपण बायका मेहनत दुप्पट करतो, जेवतो उरलेसुरले, झोपतो सगळ्यांच्या शेवटी, आणि मग चिडचिड झाली की म्हणतो मनावर ताबा नाही. अशा अंगाने कोणाचाही ताबा राहणार नाही. दुसरे असे की पैलवान एकटा तयार होत नाही. त्याला जोडीदार लागतो. आठ दिवस सगळे बंद पडले त्या वेळी मी आमच्या घरी स्पष्ट सांगितले की संध्याकाळची वेळ तुम्ही घ्यायची. ते पहिल्यांदा बावरले. "मला नाही जमायचे," म्हणाले. मी म्हटले, "पाच काढा." आज चार वर्षांहून अधिक काळ संध्याकाळचे तेच पाहतात आणि माझ्यापेक्षा चांगले पाहतात, कारण ते मोजणीत घाई करीत नाहीत. सोसत राहणे हीच स्त्रीची शिस्त, असे कोणी सांगितले तर ते तालमीला मान्य नाही, एवढे लक्षात ठेवा.

ज्यांना शरीराचाच व्यायाम करावासा वाटतो त्यांनी सूर्यनमस्कार जरूर घालावेत. आपल्या शेजारच्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा केवढा प्रसार केला आणि आपल्या संस्थानातल्या शाळांतून ते सुरू केले. त्याला जागा सतरंजीएवढी पुरते. मात्र गुडघे, रक्तदाब, पाठ यांची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि पहिल्या दिवशी बारा घालू नका. दोन घाला.

पण व्यायामच केला पाहिजे असे नाही. कोणाला दहावीची परीक्षा बाहेरून द्यायची असेल, कोणाला रोजचा हिशेब लिहायचा असेल, कोणाला मुलावर ओरडणे कमी करायचे असेल. काम कोणतेही घ्या, फक्त एकच घ्या. त्याला वेळ द्या, लाज वाटेल इतकी लहान मोजणी द्या, आणि मंडळातली एक जोडीदारीण धरा, जी रोज विचारील, "आज झाले का?" एखाद्या दिवशी मोडले तर तो दिवस पडण्याचा समजा. पडायला शिकण्याने कुस्ती संपत नाही. पुढच्या वर्धापनदिनाला आपण एकमेकींना विचारू.

आबांना जाऊन आता दोन वर्षे होतील. त्यांच्या नावाची ढाल कुठल्याही तालमीत लावलेली नाही. त्यांच्या तीस वर्षांच्या मेहनतीचे काय झाले, असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही.

चिटणीसबाईंनी मला पंधरा मिनिटे दिली होती, ती कधीच संपली.  कार्यक्रमानंतर चहाला थांबण्याचा आग्रह कृपा करून करू नका. आमचे हे आज बाहेरगावी गेले आहेत, आणि सव्वासहाला घरी माझी वाट पाहत असतील.